टाकी फुल्ल केली की गळते: जुन्या फियाटला पॅकिंग कशाचं घालावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. टाकी अर्धी असेपर्यंत सगळं कोरडं. फुल्ल केली की डिकीत वास येतो आणि टाकीवर मीटरचं युनिट (पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारं) बसतं त्या गोल पट्टीभोवती ओल दिसते. त्या पट्टीखालचं पॅकिंग तीनदा बदलून झालं: आधी बाजारात मिळणारं तयार कॉर्कचं, मग मिस्त्रींनी टायरची ट्यूब कापून केलेलं, मग पुन्हा कॉर्क आणि त्यावर सिलिकॉन. आता कोणीतरी व्हायटॉन नावाचं रबर सुचवलंय. शीट महाग आहे, घ्यावी का?

व्हायटॉन उत्तम मटेरियल आहे, यात वाद नाही. पण आज आहे त्या अवस्थेत ते घातलंत तर बहुधा तेही गळेल. मी कोल्हापुरात उद्यमनगरात जुन्या गाड्यांची कामं करतो. अशी टाकी आली की पॅकिंग कशाचं, हा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. आधी गळतंय नेमकं कुठून, मग पत्रा सपाट आहे का, मग स्क्रू. तीन प्रकारची पॅकिंगं एकाच जागी हरली, तर ती ज्यावर बसतात त्या पत्र्यावर पहिला संशय घ्यायचा. (ट्यूब आणि सिलिकॉन मुळातच चुकीचे होते, ते पुढे येईलच.)

फुल्ल टाकीलाच गळतं म्हणजे युनिटच, असं लगेच धरू नका. टाकीच्या वरच्या अंगाला आणखीही जोड असतात आणि तेही फक्त फुल्ल टाकीलाच गळतात. पेट्रोल भरायच्या नळकांड्याला टाकीशी जोडणारा रबरी होज, हवा जाण्यायेण्याची बारीक नळी, आणि युनिटवर वायर लागते तो छोटा खांब. होजमधून झिरपलेलं पेट्रोल टाकीच्या पाठीवरून ओघळत येतं आणि युनिटच्या खोलगट जागेत साचतं. बघणाऱ्याला वाटतं पॅकिंगच गळतंय. त्यामुळे टाकी थोडी रिकामी असताना सगळं पुसून कोरडं करा, शाळेतला खडू कुटून त्याची पूड होजच्या जोडावर, खांबाभोवती, स्क्रूंच्या डोक्यांवर आणि पट्टीच्या कडेने भुरभुरा, मग टाकी भरून गाडी एक चक्कर फिरवून आणा. पूड जिथे पहिल्यांदा काळवंडेल ते गळतीचं तोंड.

खांबाकडे विशेष लक्ष द्या. तो पत्र्यापासून वेगळा ठेवायला त्याच्याभोवती फायबरचं किंवा रबराचं बुश असतं. तीस-पस्तीस वर्षांत ते सुकून सैल होतं. तिथून पाझर असेल तर खालचं पॅकिंग सोन्याचं घातलं तरी उपयोग नाही, युनिटच बदलावं लागतं.

दुसरं, टाकीला श्वास घेता येतोय का ते बघा. गाडी उन्हात उभी असताना झाकण उघडल्यावर फुस्स असा आवाज आला, तर हवेचा मार्ग तुंबलेला आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल मेकॅनिकल पंप ओढून घेतो, त्यामुळे टाकीत दाब असायचं कारणच नाही. मार्ग तुंबला की उन्हाने दाब वाढतो आणि जिथे जागा मिळेल तिथून पेट्रोल बाहेर पडतं. त्यात पेट्रोल फुगतंही भरपूर. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल ४० लिटर भरलं आणि दुपारी ते २० अंशांनी तापलं, तर साधारण पाऊण लिटर वाढतं. ते जाणार कुठे? म्हणून नोझल एकदा ‘टक्’ करून बंद पडलं की तिथेच थांबायचं. बिल गोल आकड्यात यावं म्हणून आणखी थोडं ओतायला सांगायची आपली जी सवय आहे, ती जुन्या टाकीला मानवत नाही.

आता उघडण्याआधी सुरक्षेचं. टाकी पाव भागापेक्षा कमी असू द्या. गाडी मोकळ्यावर, सावलीत. बॅटरीची अर्थ केबल आधी काढायची आणि युनिटची वायर त्यानंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, म्हणून पिटवर हे काम करायचं नाही. गॅरेजात सकाळी लावलेली उदबत्तीसुद्धा आधी विझवायची. काढलेलं पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये, प्लास्टिकच्या बादलीत नको, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. रिकाम्या टाकीत धोका जास्त असतो, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार असतं. टाकीला झाळायचं किंवा वेल्डिंग करायचं असेल तर ती गाडीवरून उतरवून, नीट धुऊन, रोज तेच काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

युनिट निघालं की पट्टीची कड बघा. स्टीलची सरळ पट्टी तिच्यावर उभी ठेवा आणि मागून टॉर्च मारा. बहुतेक जुन्या युनिटांना स्क्रूच्या भोकांपाशी खळगे पडलेले दिसतात, आणि टाकीच्या बाजूला त्याच जागी पत्रा वर ओढला गेलेला असतो. आजवर प्रत्येकाने ‘गळतंय, अजून आवळा’ केलं त्याचा हा परिणाम. स्क्रूखाली पॅकिंग कागदाएवढं पातळ होतं, दोन स्क्रूंच्या मधे मात्र त्याला कोणी दाबतच नाही. पेट्रोल तिथून निवांत बाहेर येतं. आवळावं तितकं स्क्रूखालचं अजून दबतं आणि मधली फट वाढते.

युनिटची पट्टी सपाट लोखंडी ठोकळ्यावर उलटी ठेवून हलक्या हाताने ठोकली की सरळ होते. युनिटला खाली लटकणाऱ्या फ्लोटची (पेट्रोलवर तरंगतो तो) दांडी वाकणार नाही एवढं जपा. टाकीच्या बाजूचं काम नाजूक आहे. उंचवटे किरकोळ असतील तर मी लाकडी ठोकळा आणि लाकडी हातोडी वापरतो, लोखंडावर लोखंड मारत नाही. जास्त असेल तर टाकी उतरवावी लागते. याच्या जोडीला एक गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक जुन्या टाकीला करतो: युनिटच्या पट्टीच्या मापाची, ३ मिमी जाडीची सपाट रिंग लेथवर करून घेतो आणि ती वरून बसवतो. स्क्रूचा जोर मग एका टिपक्यावर न पडता रिंगभर वाटला जातो. स्क्रू तेवढे लांब घ्यावे लागतात, आणि लांब स्क्रू आत फ्लोटला अडत नाही ना हे आधी हाताने फिरवून बघायचं. तुमच्या गाडीचं निम्मं दुखणं माझ्या अंदाजाने या रिंगेतच बरं होईल, आणि तिचा खर्च व्हायटॉनच्या शीटपेक्षा कमी येईल.

आता मटेरियल. यात सरसकट उत्तर नाही. युनिट टाकीच्या माथ्यावर आहे की बाजूला, गाडी रोज चालते की महिनोन्‌महिने उभी असते, आणि पत्रा किती सपाट करता आला, या तिन्हींवर ते ठरतं.

आधी बाद करायची. टायरची ट्यूब ब्युटाइल किंवा नैसर्गिक रबराची असते. दोन्ही पेट्रोलमध्ये पापडासारखी फुगतात, मऊ पडतात आणि स्क्रूपाशी फाटतात. दाराच्या बीडिंगचं किंवा रेडिएटरच्या होजचं काळं रबर बहुधा ईपीडीएम असतं. उन्हापावसाला ते फार चांगलं, पेट्रोलपुढे तेही फुगतं. दिसायला मात्र सगळी काळी रबरं सारखीच, त्यामुळे दुकानदार ‘ऑइलप्रूफ आहे हो’ म्हणाला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ट्यूबमधलं सिलिकॉन इंजिनाच्या चेंबरला (तळच्या ऑइलच्या भांड्याला) ठीक, पेट्रोलला नाही. ते फुगून सुटतं, त्याचे तुकडे टाकीत पडतात आणि फिल्टरमधून निसटला तर एखादा कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. तुमच्या टाकीत आतल्या कडेला आत्ताही सिलिकॉनची साय असेल, ती सगळी काढा. टेफ्लॉनला पेट्रोल काही करत नाही, पण ते दाबाखाली हळूहळू सरकत जातं आणि परत वर येत नाही. पातळ पत्र्याच्या पट्टीवर त्याचा उपयोग नाही. कागदी पॅकिंग दोन घासलेल्या, जाड, सपाट पृष्ठभागांसाठी असतं, कार्ब्युरेटरच्या बुडाला वगैरे. इथे ते घालू नये.

उरली चार: साधा कॉर्क, रबर मिसळलेला कॉर्क, नायट्राइल रबर आणि व्हायटॉन.

कॉर्कला लोक उगाच नावं ठेवतात. त्याचा एक गुण रबराला नाही. कॉर्क दाबला तर जागच्या जागी बारीक होतो, बाजूला पसरत नाही. रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही. वरून दाबलं की ते कडेने बाहेर येतं आणि भोकांपाशी ताणलं जातं. वाकड्यातिकड्या पत्र्यावर कमी जोरात बसणारं पॅकिंग हवं असेल, तर कॉर्क समजूतदार आहे. म्हणून मूळ कारखान्यांनी तो वापरला. दोष असा की तो सुकतो, आकसतो आणि चुरतो. वर्षानुवर्षं दुकानाच्या फळीवर टांगलेलं तयार पॅकिंग बसवण्याआधीच मेलेलं असतं. तुमचं पहिलं तसंच असावं. पेन्सिलीभोवती वाकवून बघा, तडा गेला तर परत करा. नुसतंच आकसलेलं असेल तर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्यावर मापाला येतं, हे जुने मिस्त्री जाणतात. स्वस्त कॉर्कमध्ये दाणे धरून ठेवणारा डिंक कसला आहे ते कळायला मार्ग नाही, आणि इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तोच आधी सुटू शकतो.

रबर मिसळलेल्या कॉर्कमध्ये दाणे नायट्राइल रबरात बांधलेले असतात. कॉर्कचा दबण्याचा गुण राहतो आणि डिंकाची काळजी मिटते. फक्त घेताना बांधणारं रबर नायट्राइलच आहे ना ते विचारा. निओप्रीनचाही येतो, तो पेट्रोलला त्याच्याइतका टिकत नाही.

नायट्राइल हे पेट्रोलचं नेहमीचं रबर. त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांपर्यंत असतं आणि ते जितकं जास्त तितकं पेट्रोलपुढे बळ जास्त. बाजारातली साधी शीट ३३-३४ टक्क्यांच्या आसपासची असते, इंधनासाठी ४०च्या पुढची बरी. शीट मऊ करायला तिच्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते पेट्रोल हळूहळू ओढून घेतं. ओली असेपर्यंत शीट फुगलेली राहते आणि घट्ट बसते. गाडी चार महिने उभी राहिली, पेट्रोल उडून पातळी खाली गेली, की तीच सुकून मूळ मापापेक्षा लहान आणि कडक होते. ‘गाडी चालवत होतो तेव्हा गळत नव्हती, उभी ठेवली आणि गळायला लागली’ ही तक्रार तिथून येते. माथ्यावरच्या युनिटचं पॅकिंग कधी ओलं, कधी कोरडं असतं, म्हणून त्याच्यावर हा प्रकार जास्त होतो.

व्हायटॉन, म्हणजे फ्लोरोरबर, यात हे दोन्ही दोष फार कमी. पेट्रोलमध्ये आणि इथेनॉलच्या मिश्रणातही ते थोडंच फुगतं, आणि सुकल्यावर विशेष आकसत नाही. किंमत नायट्राइलच्या कित्येक पट. पण बाजारात सहज मिळणारी शीट बरीचशी ७५ शोअरच्या (रबराचा कडकपणा मोजायचं माप) आसपासच्या कडकपणाची असते. कडक शीट दाबायला जोर लागतो, आणि तेवढा जोर आपल्या पातळ पट्टीचे ते चार-पाच बारीक स्क्रू देऊ शकत नाहीत. दिला तर पत्रा वाकतो. मघाचे खळगे पुन्हा. म्हणून मी म्हटलं, आहे त्या अवस्थेत गळेल. पट्टी सपाट केलीत, वरून रिंग घातलीत आणि ६० शोअरपर्यंतची मऊ शीट मिळाली, तर जरूर घ्या. युनिट टाकीच्या बाजूला, सतत पेट्रोलखाली असतं अशा गाडीला मी खर्चाकडे न बघता तेच घालतो.

शीट खरी की खोटी? रंगावर जाऊ नका, व्हायटॉन काळं, तपकिरी, हिरवं, कसंही येतं. वजनावरून अंदाज येतो. व्हायटॉन पाण्याच्या पावणेदोन-दोन पट जड, नायट्राइल त्याहून बरंच हलकं. सारख्या मापाचे तुकडे हातात घेतले तरी फरक कळतो. काडी लावून परीक्षा करू नका, फ्लोरोरबर जळताना निघणारी वाफ अतिशय विषारी असते. सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे तुकड्याची लांबी, जाडी व्हर्नियरने मोजायची, तुम्ही भरता त्याच पंपाच्या पेट्रोलमध्ये काचेच्या बरणीत आठवडाभर बुडवायचा, काढून लगेच मोजायचा, मग मोकळ्या हवेत आठवडाभर सुकवून परत मोजायचा. फुगणं आणि आकसणं दोन्ही समोर येतात. दुसऱ्या मोजणीकडे लोक लक्ष देत नाहीत, माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची.

हे सगळं आता इतकं बारकाईने का बघायचं, तर पेट्रोल बदललंय. २०२२च्या मध्यापर्यंत देशभरात सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळायला लागले, २०२३मध्ये काही पंपांवर २० टक्क्यांचं सुरू झालं आणि २०२५पर्यंत तेच सगळीकडे आलं. आमच्या भागातल्या उसाचंही ते असतं, त्यामुळे इथे त्याविरुद्ध बोलायची सोय नाही! पण तुमच्या गाडीची रबरं ठरली तेव्हा ते विचारात नव्हतं. शुद्ध पेट्रोलमध्ये किंवा शुद्ध इथेनॉलमध्ये नायट्राइल जितकं फुगतं, त्यापेक्षा दोघांच्या मिश्रणात जास्त फुगतं. शिवाय जुने मिस्त्री पॅकिंगला लावायचे तो शेलॅक (लाखेचा चिकट लेप) पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. रस्त्यावर गळतीला साबण चोळायची युक्ती पूर्वी हमखास चालायची, तिच्यावरही आता फार भिस्त ठेवू नका. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी असेल तर टाकीच्या तळाला, शिवणीपाशी गंज लवकर धरतो.

तुमच्या गाडीला मी काय घालेन? युनिट माथ्यावर, गाडी आठवड्यातून एकदा चालते असं तुम्ही लिहिलंय. पट्टी सपाट करून, वरून रिंग घालून, ३ मिमी जाडीचा नायट्राइल-कॉर्क. मिळाला नाही तर इंधनासाठीची मऊ नायट्राइल शीट, तेवढ्याच जाडीची. मऊ व्हायटॉन मिळालं आणि पैशाचा प्रश्न नसेल तर ते पहिलं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कोणत्याही औद्योगिक रबराच्या दुकानात चौकोनी तुकडा कापून देतात, पूर्ण शीट घ्यावी लागत नाही.

कापताना जुन्या पॅकिंगवरून माप घेऊ नका, ते आकसलेलं असतं. पट्टीलाच पेन्सिल फिरवा. भोकं पोकळ पंचने पाडा. कात्रीने किंवा खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या कडेला चीर राहते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. बऱ्याच युनिटांची भोकं समान अंतरावर नसतात, ते एकाच दिशेने बसतं, म्हणून काढण्याआधी खूण करून ठेवा. स्क्रू आधी सगळे बोटाने, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत. रबराचं पॅकिंग मूळ जाडीच्या पाव भागाइतकं दबलं की पुरे. कडेने फुगवटा डोकावायला लागला तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशी एकदा हलकेच तपासा, कॉर्क बसतो आणि स्क्रू थोडे सैल होतात.

सीलंट लावायचाच असेल तर न सुकणारा आणि ट्यूबवर पेट्रोल व इथेनॉल दोन्हींना टिकतो असं स्पष्ट लिहिलेला, तोही बोटाने पुसल्यासारखा पातळ. पॅकिंग योग्य असेल तर त्याची गरज पडत नाही. स्क्रूच्या आट्यांना मात्र मी तो लावतोच. काही टाक्यांत ती भोकं थेट आत उघडतात आणि पेट्रोल आट्यांवरून चढून डोक्याखालून येतं. पॅकिंगला विनाकारण दोष मिळतो. डोक्याखाली फायबरचा किंवा तांब्याचा वॉशर घाला.

एवढं झाल्यावर मीटरचा काटा हललाच नाही तर घाबरू नका. अनेक युनिटांना अर्थ, म्हणजे बॉडीशी विजेचा जोड, त्या स्क्रूंमधूनच मिळतो. नवं पॅकिंग, फायबरचे वॉशर आणि आट्यांना सीलंट, सगळ्यांनी मिळून तो तोडलेला असतो. एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल घेऊन तिथून बॉडीवर रंग खरवडलेल्या जागी वायर टाका, रिंगेखालचा रंगही तेवढ्यापुरता घासा, आणि मगच बॅटरीची केबल परत जोडा.